योनीमार्गातला बुरशीसंसर्ग: ओळखण्यापासून कोर्स पूर्ण करण्यापर्यंत, पायरीपायरीने

बाई दुकानात शिरली की काय मागायला आली आहे, हे मला आता बघूनच कळतं. मेडिकलमध्ये दुसरं गिऱ्हाईक असेल तर ती बाजूला उभी राहून शाम्पूच्या पुड्या न्याहाळते. दुकान रिकामं झालं की हळूच म्हणते, "ताई, ती खाजेची ट्यूब द्या." खाज कुठे, किती दिवस, सोबत आणखी काय होतंय, हे विचारलं की तिची नजर खाली जाते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एकीने योनीमार्गात ठेवायच्या ३ गोळ्या ३ रात्री पाण्याबरोबर गिळल्या आणि चौथ्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून परत आली. गोळी पोटात घ्यायची नाही, हे डबीवर होतं, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. दुकानात गर्दी होती म्हणून मीही तिला ते तोंडाने सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ही गोळी कागदात गुंडाळून देण्याआधी कशी वापरायची ते सांगतेच. जे दोन मिनिटांत सांगून होत नाही, ते इथे लिहिते आहे.

आजार साधा आहे, औषधं स्वस्त आहेत आणि गुण देणारी आहेत. चुकतं ते ओळखण्यात, आणि मग औषध वापरण्याच्या क्रमात.

## टप्पा १: हा बुरशीचाच त्रास आहे का?

कॅन्डिडा नावाची बुरशी (डॉक्टर हिलाच यीस्ट म्हणतात) कित्येक बायकांच्या योनीमार्गात एरवीही थोडी असते. साधारण १० ते २० टक्के बायकांमध्ये ती काहीच त्रास न देता राहते. तिथला समतोल बिघडला की ती वाढते आणि आग, खाज सुरू होते. दर ४ पैकी ३ बायकांना हा त्रास आयुष्यात एकदा तरी होतो. त्यामुळे "मलाच कसं झालं", "मी स्वच्छ राहत नाही की काय" हे मनातून काढून टाका.

अंगावरून पांढरं जाणं हा आपोआप आजार ठरत नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा पातळ, तार धरणारा स्राव येतो. पाळीच्या आधी तो दाटसर होतो. खाज नाही, वास नाही, जळजळ नाही, तर त्यावर औषध लागत नाही. पांढरं गेल्याने हाडं झिजतात, ही समजूत खोटी आहे. तिच्यापायी कितीतरी मुली नको ती टॉनिकं पितात.

बुरशीचा त्रास असा दिसतो: खाज, बहुतेक वेळा जोरात. योनीचे ओठ लाल, सुजलेले, कधी कातडीला बारीक चिरा. स्राव पांढरा आणि दाट, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा. काहींना मात्र स्राव फारसा नसतोच, नुसती खाज असते. संबंधाच्या वेळी दुखतं. आणि वास नसतो, किंवा अगदी थोडा असतो.

वासावरून बरंच कळतं. स्राव पातळ, करडा-पांढरा आणि त्याला मासळीसारखा वास असेल, तर तो बहुधा जिवाणूंचा त्रास आहे. पिवळा-हिरवा, फेसाळ, घाण वासाचा स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा असू शकतो. तो संबंधांतून पसरतो आणि त्यात जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. या दोन्हींवर बुरशीचं औषध काम करत नाही. बाई आठ दिवस ट्यूब लावत राहते आणि मूळ आजार तसाच राहतो.

लघवीच्या जळजळीचा घोटाळा तर रोजचा. लघवी बाहेर येऊन सोललेल्या कातडीला लागली की झोंबत असेल, तर दुखणं बाहेरचं आहे. लघवी होताना आतून आग होत असेल, सारखं जावं लागत असेल, ओटीपोटात कळ येत असेल, तर लघवीच्या मार्गाचा संसर्ग असू शकतो. पहिल्या प्रकारात कुणीतरी सांगितलं म्हणून अँटिबायोटिक घेतलं, तर बुरशीला आवरून धरणारे चांगले जिवाणू मरतात आणि खाज दुप्पट होते.

तपासा: दार लावून, चांगल्या उजेडात, हातातला छोटा आरसा घेऊन बघा. लाली, सूज, चिरा आहेत का? पाण्याचे फोड किंवा व्रण दिसतात का? फोड किंवा व्रण दिसला तर इथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

## टप्पा २: आधी डॉक्टर कुणी गाठायचा

पहिल्यांदाच त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. एकदा नीट निदान झालं की पुढच्या वेळी तीच लक्षणं ओळखणं सोपं जातं. याशिवाय पुढच्यांपैकी काही लागू असेल तर स्वतःहून औषध घेऊ नका:

- गरोदर आहात, किंवा पाळी चुकली आहे
- ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वास, पाळीव्यतिरिक्त रक्त
- मधुमेह, एचआयव्ही, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं
- मागच्या २ महिन्यांत असाच त्रास होऊन गेला आहे
- जोडीदाराला लैंगिक आजार असण्याची शंका आहे
- वयात न आलेली मुलगी, किंवा पाळी कायमची थांबलेली बाई

शेवटच्या दोघींबद्दल थोडं जास्त सांगते. या दोन्ही वयांत बुरशीचा त्रास कमी आढळतो. पाळी गेल्यानंतरची खाज आणि कोरडेपणा बहुतेकदा हार्मोन कमी झाल्याने असतो आणि त्यावरचं औषध वेगळं आहे. लहान मुलीला खाज असेल तर जंतांपासून साबणापर्यंत कारणं निघतात. तिला आईची ट्यूब लावू नका.

दवाखान्यात लाज वाटते, हे मला कळतं. शब्द सुचत नसतील तर एवढंच म्हणा: "खाली खाज आहे, ८ दिवस झाले, पांढरं दाट जातंय." पुढचं डॉक्टर विचारतील. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

तपासणीला जाताना: आदल्या रात्री योनीमार्गात औषध ठेवू नका, आतून धुऊ नका, संबंध टाळा. नाहीतर स्रावाच्या नमुन्यात काही सापडत नाही. आणि "माझा पॅप स्मिअर झालाय" म्हणून ही तपासणी टाळू नका. पॅप गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी असतो. बुरशी शोधायला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, लागलं तर कल्चर करतात, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात ओळखतात.

## टप्पा ३: औषधाआधी काय बंद करायचं

ही पायरी जवळजवळ सगळ्याच गाळतात.

तुरटीच्या पाण्याने धुणं बंद. डेटॉलसारखं जंतुनाशक घातलेलं पाणी, मीठ-पाणी, लिंबू, कडुलिंबाचा काढा, लसणाची पाकळी, आत दही लावणं, सगळं बंद. सुगंधी इंटिमेट वॉशही बंद. सोललेल्या कातडीवर यातलं काहीही झोंबतं आणि सूज वाढवतं. योनीमार्ग आतून स्वतःला साफ ठेवतो. तिथला आम्लपणा साधारण ३.८ ते ४.५ पीएच इतका असतो आणि वारंवार धुतल्याने तो बिघडतो. बाहेरून साधं कोमट किंवा गार पाणी, दिवसातून एकदा-दोनदा, आणि मऊ कापडाने टिपणं. धुताना आणि पुसताना हात पुढून मागे.

आता त्या 'खाजेच्या ट्यूब'विषयी. गजकर्णासाठी घरात पडलेली ट्यूब उचला आणि मागची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. लावल्यावर तासाभरात खाज थांबते, म्हणून ती फार गुणकारी वाटते. खरं तर स्टिरॉइड कातडीची प्रतिक्रिया दाबतं आणि त्याच्या आडोशाला बुरशी पसरते. महिना-दोन महिने लावल्यावर कातडी पातळ होते, लाल पडते आणि ट्यूब सोडली की आग होते. मी काउंटरवर अशी ट्यूब मागणाऱ्या बाईला आधी विचारते, कुठे लावणार? उत्तर ऐकून मी ती ट्यूब परत ठेवते.

सावधान: डॉक्टरांनी ही ट्यूब दिली असेल आणि तुम्ही बरेच दिवस लावत असाल, तर ती कशी थांबवायची हे त्यांनाच विचारा.

## टप्पा ४: औषध कोणतं, किती दिवसांचं

योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी तीन ताकदींत मिळते. १०० मिलीग्रॅमची रोज एक, ६ ते ७ रात्री. २०० मिलीग्रॅमची ३ रात्री. ५०० मिलीग्रॅमची एकच. म्हणजे 'किती दिवस' हे डबीवरच्या आकड्यावर ठरतं. जावेला एका गोळीत बरं वाटलं म्हणून १०० ची एकच गोळी सुटी मागणाऱ्या बायका माझ्याकडे दर आठवड्याला येतात. ती एक गोळी अर्धवट उपचारही नाही.

दुसरा पर्याय पोटात घ्यायची फ्लुकोनाझोल १५० मिलीग्रॅमची एक गोळी. साध्या त्रासात ही आणि वरची, दोन्ही सारख्याच चालतात. पण हिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि त्याला कारण आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मधुमेहाची ग्लिमेपिराइड, फिटची फेनिटॉइन अशा औषधांशी तिची गाठ पडते आणि त्यांचा परिणाम वाढतो. साखर एकदम उतरू शकते. लिव्हरचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर आधी सांगा.

गरोदरपणात पोटातली फ्लुकोनाझोल टाळतात. योनीमार्गात ठेवायचं औषध ७ दिवस देतात, आणि तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

सूज आणि चिरा फार असतील तर एका गोळीत भागत नाही. अशा वेळी डॉक्टर फ्लुकोनाझोलच्या दोन गोळ्या ७२ तासांच्या अंतराने, किंवा ठेवायचं औषध ७ ते १४ दिवस देतात.

संबंध आलेले नसतील आणि आत गोळी ठेवायची भीती वाटत असेल, तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोटातली गोळी आणि बाहेरून क्रीम असा मार्ग आहे. न सांगता गोळी कपाटात ठेवून देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

तपासा: सुरू करायच्या आधी पाळीची तारीख बघा. पाळीच्या रक्ताबरोबर गोळी वाहून जाते, म्हणून कोर्स पाळीआधी संपेल असा बेत करा. मध्येच पाळी आली तर स्वतःहून सोडून देऊ नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. त्या दिवसांत टॅम्पॉन किंवा कप न वापरता पॅड घ्या.

## टप्पा ५: गोळी ठेवायची कशी

ही गोळी तोंडाने घ्यायची नाही. घरात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ती ठेवू नका.

1. वेळ रात्रीची, सगळी कामं आटोपल्यावरची. गोळी ठेवून भांडी घासायला उठलात तर ती सरकून बाहेर येते. आधी लघवीला जाऊन या.
2. नखं कापा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुऊन टिपा.
3. गोळी वेष्टनातून काढा. डबीत प्लास्टिकची नळी असेल तर तिच्या तोंडात गोळी बसवा. नळी नसेल तर बोट पुरतं. गरोदर बाईने नळी वापरू नये, बोटानेच ठेवावी. योनीमार्ग कोरडा वाटत असेल तर गोळी क्षणभर स्वच्छ पाण्यात बुडवा.
4. पाठीवर झोपा, गुडघे दुमडून दोन्ही पाय बाजूला करा. उकिडवं बसून सोपं वाटत असेल तर तसं बसा. श्वास सोडा, अंग सैल करा.
5. दिशा महत्त्वाची. योनीमार्ग सरळ वर जात नाही, तो कंबरेच्या मागच्या बाजूला तिरका जातो. गोळी त्या दिशेने हळू सरकवा, बोट सहज जाईल तितकी आत. दाराशी अडकलेली गोळी विरघळत नाही, टोचते आणि सकाळी जशीच्या तशी बाहेर येते.
6. बोट किंवा नळी काढा, हात धुवा, पॅड लावा आणि झोपा.

"आत हरवली तर?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. योनीमार्गाच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं बंद तोंड असतं. गोळी तिथून पोटात जात नाही. ती आतच विरघळते.

सकाळी पॅडवर पांढरा चुरा किंवा पाणी दिसेल. ते औषध आहे. आजार वाढला असं समजून कोर्स थांबवू नका, आणि तो चुरा काढायला बोट घालून आतून धुऊ नका.

बाहेर खाज असेल तर नुसती क्लोट्रिमाझोल क्रीम, दिवसातून दोनदा, योनीच्या ओठांवर पातळ थर. जाड थर लावल्याने जास्त गुण येत नाही, ओल मात्र वाढते.

सावधान: पहिल्या रात्री थोडी चुणचुण चालते. आग सहन होत नसेल, सूज वाढली किंवा अंगावर पुरळ आलं तर औषध थांबवा आणि दाखवा.

## टप्पा ६: कोर्सचे दिवस आणि पुढचा आठवडा

खाज दोन-तीन दिवसांत उतरायला लागते. चूक इथेच होते: ७ गोळ्यांपैकी तिसऱ्या रात्री बरं वाटतं आणि उरलेल्या ४ 'पुढच्या वेळेसाठी' कपाटात जातात. पुढची वेळ मग लवकरच येते. उरलेल्या रात्री पूर्ण करा.

तोवर संबंध टाळा. या औषधांतला तेलकट अंश कंडोमच्या रबराला कमकुवत करतो, म्हणून कंडोमवर भरवसा ठेवू नका. नवऱ्याला औषध द्यायचं का? त्याला काही त्रास नसेल तर सहसा लागत नाही. लिंगाच्या टोकाला लाली, खाज असेल तर त्यालाही दाखवायला सांगा. हा संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत धरत नाहीत, त्यामुळे कुणाचा कुणावर संशय घ्यायचं कारण नाही.

खाजवू नका, हे सांगणं सोपं आहे, रात्री पाळणं कठीण. गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड पिळून पाच-दहा मिनिटं ठेवा. आराम पडतो.

कपड्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. आतले कपडे कुणाला दिसू नयेत म्हणून साडीखाली, बाथरूमच्या दाराआड वाळत घालतात. कोकणात आषाढ-श्रावणात ते तिथे कधीच पूर्ण वाळत नाहीत आणि सकाळी दमटच घातले जातात. भातलावणीला गेलेली बाई तर दिवसभर ओल्या लुगड्यात असते. ओल आणि ऊब बुरशीला मानवते. सुती चड्डी घ्या, उन्हात उघड्यावर वाळवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवून कोरडी करा. शेतावरून आल्यावर आधी कपडे बदला, मग चहा. रात्री चड्डीशिवाय सैल गाऊन चालतो. रोज पँटी-लायनर लावायची सवय सोडा.

तपासा: तिसऱ्या-चौथ्या दिवशी काडीचाही फरक नाही, किंवा ७ दिवसांनी त्रास शिल्लक आहे, तर तेच औषध पुन्हा आणू नका. निदान चुकलं असेल किंवा बुरशी वेगळ्या जातीची असेल. डॉक्टरांकडे जा. उलट, पूर्ण बरं वाटल्यावर केलेल्या तपासणीत नुसती कॅन्डिडा सापडली, तर सहसा औषध लागत नाही.

## टप्पा ७: वर्षात तीनदा झालं तर

वर्षभरात ३ किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारा त्रास म्हणतात आणि त्याचा उपचार वेगळा असतो. दर वेळी दुकानातून एक गोळी नेणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

आधी कल्चर. बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकान्स ही जात निघते, पण ग्लाब्राटा निघाली तर फ्लुकोनाझोलला ती नीट दाद देत नाही. तिच्यासाठी डॉक्टर कधी बोरिक ॲसिडच्या ६०० मिलीग्रॅमच्या, योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूल २-३ आठवडे देतात. या कॅप्सूल गिळल्या तर विषबाधा होते, आणि गरोदरपणात त्या चालत नाहीत. कॅरमवर टाकायची बोरिक पावडर यासाठी वापरायचा विचारही करू नका.

मग साखर. उपाशीपोटीची आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), दोन्ही. मधुमेह आहे हे वारंवार होणाऱ्या या खाजेमुळेच कळलं, अशा बायका माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. ज्यांना मधुमेह माहीत आहे, त्यांनी चिठ्ठी बघावी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि ती साखर बुरशीचं खाद्य होते. पण तेवढ्यावरून ते स्वतःहून बंद करू नका. हृदय आणि किडनीलाही त्याचा फायदा असतो. डॉक्टरांना खाजेचं सांगा, आणि लघवीनंतर दर वेळी साध्या पाण्याने धुऊन टिपा.

एचआयव्हीची तपासणी सुचवली तर घाबरू नका आणि रागावू नका, ती करून घ्या. गर्भनिरोधक गोळ्या, अलीकडे घेतलेली अँटिबायोटिकं, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेलं स्टिरॉइड, सगळं सांगा.

कारण आवाक्यात आणल्यावर उपचार दोन भागांत होतो. आधी फ्लुकोनाझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, किंवा ठेवायचं औषध ७ ते १४ दिवस. मग आठवड्यातून एक गोळी, ६ महिने. गोळी ठरावीक वारी घ्या आणि कॅलेंडरवर खूण करा. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत, कारण मधे लिव्हरची तपासणी लागू शकते आणि या काळात दिवस राहू नयेत याचीही काळजी घ्यावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. त्यावर: मागच्या वर्षात त्रास कोणत्या महिन्यांत झाला, दर वेळी कोणतं औषध किती दिवस घेतलं, त्याआधी कोणत्या आजाराचं औषध चालू होतं. ट्यूब आणि गोळ्यांची रिकामी वेष्टनं फेकली नसतील तर तीही पिशवीत टाका. नाव आठवलं नाही तरी वेष्टनावर ते छापलेलं असतं.